पन्नास डॉलरची मालकीण

मोबाइलवर अंगठ्यानं एसएमएस लिहायचो तो काळ आठवतोय? दोनच्या बटणावर ए-बी-सी, तीनच्या बटणावर डी-ई-एफ... एकेका अक्षरासाठी तीन-तीनदा बटण दाबायचं. अमेरिकेत दुकानदारांनी या अक्षरांचा मोठा छान उपयोग करून घेतला. आकडे गिऱ्हाइकाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून ज्या आकड्यांवरच्या अक्षरांतून एखादा शब्द जुळेल असाच फोन नंबर मागून घ्यायचा. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो गावात गाण्यांच्या कॅसेट आणि सीडी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीनंही असाच नंबर घेतला होता: १-८००-ऑन-हर-ओन. म्हणजे तिची तीच. कुणाच्या आधाराशिवाय, आपल्या बळावर!

या कंपनीची मालकीण आनी डिफ्रँको. नाव आपल्या 'आणि'सारखंच उच्चारायचं, फक्त 'ण'चा 'न' करून. गाणी लिहिणारी तीच, चाल लावणारी तीच, गिटार वाजवून गाणारी तीच आणि ती कॅसेट विकणारीही तीच. १९९० पासून आजपर्यंत तिचे वीसहून जास्त अल्बम निघाले आणि ते बहुतेक सगळे तिच्या स्वतःच्या कंपनीनं काढले. तिची आणखी एक ओळख आहे, तीही तिनं पहिल्यापासून कुणापासून लपवली नाही. तिला पुरुषांविषयी ओढ वाटते, तशीच बायकांविषयीही. इंग्रजीत याला बायसेक्शुअल म्हणतात. बाईनं पुरुषावरच आणि पुरुषानं बाईवरच प्रेम करायचं, या ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या सगळ्यांना मिळून हल्ली 'क्वीअर' म्हणतात. पूर्वी हा शब्द शिवीसारखा फेकला जायचा. ज्यांच्यावर फेकला जायचा त्यांनीच तो उचलून आपलासा केला.

मैत्रिणींनो, इंग्रजी गाणी आपल्यापैकी किती जणी ऐकतात, मला ठाऊक नाही. पण ही गोष्ट फक्त गाण्याची नाही. आपण राबून जे तयार करतो त्याची मालकी कुणाची, असा साधा आणि अवघड प्रश्न हिच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो. आधी कंपन्यांच्या बाबतीत आला. मग, गंमत म्हणजे, तिच्यावर जीव टाकणाऱ्या चाहत्यांच्याही बाबतीत आला.

आनीचा जन्म २३ सप्टेंबर १९७० चा, बफेलोचाच. नायगाराचा धबधबा या गावाच्या अगदी जवळ. पण गाव पर्यटनावर जगणारं नव्हे, पोलादाचं आणि कारखान्यांचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला भलामोठा पोलाद कारखाना जवळजवळ बंद पडला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. (आपल्याकडे मुंबईत गिरणी संप झाला, साधारण तेच दिवस.) नऊ-दहा वर्षांची असताना आनी गिटार शिकायला लागली आणि मायकेल मेल्ड्रम या आपल्या शिक्षकाबरोबर गावातल्या बारमध्ये बीटल्सची गाणी म्हणू लागली. एवढीशी पोर बारमध्ये! आपल्याला दचकायला होतं. पण तिचं गाण्याचं शिक्षण तिथंच झालं. समोरचे लोक खात-पीत, गप्पा मारत बसलेले असताना त्यांना आपल्याकडे वळवायचं कसं, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात?

आईवडील वेगळे झाले. आनी पंधरा वर्षांची असताना आई दुसऱ्या राज्यात राहायला गेली आणि आनीनं गाव सोडायला नकार दिला. अमेरिकेत कायद्यानं अशी एक सोय आहे की, अठरा वर्षं पुरी व्हायच्या आधीच मुलाला सज्ञान ठरवता येतं. आनी तशी सज्ञान ठरली. म्हणजे भाडं आपलं आपण भरायचं, जेवणाची सोय आपली आपण बघायची. पुढे तिला 'स्वतंत्र बाण्याची' वगैरे म्हणायला लोकांना सोपं गेलं. मला मात्र वाटतं, पंधराव्या वर्षी जिला वीजबिल भरावं लागलं, तिला स्वातंत्र्य हा शब्द भाषणातून कळला नसणार.

एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी ती न्यूयॉर्क शहरात आली. तिथं कॉलेजात सेकू सुंदियाटा या कवीच्या वर्गात बसून कविता शिकली. स्वतःची गाणी एका कॅसेटवर रेकॉर्ड केली आणि कार्यक्रम संपल्यावर तिथंच विकायला लागली. कॅसेटवर कंपनीचं काहीतरी नाव हवं म्हणून 'रायचस बेब रेकॉर्ड्स' असं नाव दिलं. 'रायचस' म्हणजे नीतीनं, सचोटीनं वागणारी, आणि 'बेब' म्हणजे रस्त्यावरची पोरं ज्या शब्दानं मुलींना हाका मारतात तो. दोन्ही शब्द शेजारी बसवले की जो ठसका येतो, तोच तिच्या गाण्यांतही आहे. ही कंपनी पन्नास डॉलरवर उभी राहिली असं सांगतात. सुरुवातीला कंपनी म्हणजे काय, तर कॅसेटवर छापलेलं नाव आणि गाडीच्या डिकीत ठेवलेली खोकी!

ही खोकी घेऊन ती गावोगाव फिरू लागली. कॉलेजची सभागृहं, कॉफीची दुकानं, लोकसंगीताचे मेळावे. आज इथं, तर उद्या तीनशे किलोमीटरवर. ती गिटार बोटांनी अशी काही तडातडा वाजवते की खरी नखं टिकणारच नाहीत. त्यावर तिचा उपाय बघा: दुकानातली खोटी नखं आणायची, बोटांना चिकटवायची आणि वरून इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळायची. फॅशनच्या वस्तूचं असं हत्यार केलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. जवळपास भादरलेलं डोकं, पायात जाडजूड बूट, हातांना काळ्या पट्ट्या, आणि गाण्यांत कधी 'तो', तर कधी 'ती'. गर्भपातापासून बेकारीपर्यंत सगळे विषय. कॉलेजातल्या मुली तिच्या कार्यक्रमांना गर्दी करू लागल्या. ज्या मुलींना दुसऱ्या मुलीवरच्या प्रेमाबद्दल घरी तोंड उघडता येत नव्हतं, त्यांना कुणीतरी हे माइकवरून मोठ्यानं, हसत हसत म्हणतंय हेच नवं होतं. तेव्हा ना इंटरनेट घरोघरी पोचलं होतं, ना टीव्हीवर असं कुणी दिसत होतं. एकीनं कॅसेट घ्यायची, दुसरीला उतरवून द्यायची, अशी ती पसरली.

इथं एक सांगायला हवं. तिनं वाट एकटीनं काढली हे खरं, पण थोडी पायवाट आधीची होती. १९७३ मध्ये काही स्त्रीवादी आणि बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांनी मिळून 'ऑलिव्हिया रेकॉर्ड्स' नावाची कंपनी काढली होती. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, अशा गायिकांच्या तबकड्या बायकाच काढायच्या, बायकाच टपालानं घरोघरी पाठवायच्या. बायकांच्या पुस्तकांची दुकानं होती, मेळावे होते. ही सगळी साखळी आनीच्याही कामी आली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या कंपन्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. बोलावणी आली. तिनं नाही म्हटलं. पुन्हा आली, पुन्हा नाही.

एवढा हट्ट कशासाठी? तर या कंपन्यांचा व्यवहार आपल्याकडच्या उचलीसारखा असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम आधी उचल देतो आणि मग हंगामभर ती फेडायची. गायकालाही कंपनी सुरुवातीला मोठी रक्कम देते. लोकांना वाटतं, लॉटरीच लागली! पण रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा बराचसा खर्च असं बरंच काही त्या गायकाच्याच वाट्यातून वळतं करतात. ती फेड होईपर्यंत त्याच्या हाती विक्रीचा पैसा येत नाही. आणि सगळी फेड झाली तरी मूळ रेकॉर्डिंग, ज्याला 'मास्टर' म्हणतात, ते बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीचं राहतं. घर बांधायचं कर्ज आपण फेडायचं आणि सातबारा मात्र बँकेच्या नावावर, असं झालं हे. प्रिन्ससारखा जगप्रसिद्ध गायक याच मुद्द्यावर आपल्या कंपनीशी भांडला आणि नव्वदच्या दशकात गालावर 'गुलाम' असा शब्द लिहून लोकांसमोर आला. पुढे १९९९ मध्ये त्यानं आनीच्या अल्बममध्ये गायलं आणि तिनं त्याच्या अल्बममध्ये गिटार वाजवली. दोघांचं जमलं यात नवल नाही.

आपल्याकडेही हे भांडण जुनंच आहे. गाण्याचा मोबदला एकदाच न देता विक्रीतला वाटा द्या, अशी मागणी लता मंगेशकरांनी साठच्या दशकात लावून धरली होती आणि त्यावरून मोहम्मद रफींशी त्यांचा अबोलाही झाला होता. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कुणाला लिहून घेता येऊ नये, यासाठी आपल्याकडे कायद्यात बदल व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं.

तर आनीनं उचल घेतली नाही. बफेलोतल्याच एका जुन्या मित्रानं ऑफिसचा कारभार पाहिला. टी-शर्ट, पोस्टर, सीडीची वेष्टनं ही कामं शक्यतो गावातच द्यायची असा कंपनीचा रिवाज. न्यूयॉर्कला बस्तान हलवलं असतं तर बरं दिसलं असतं, पण कारखाने बुडालेल्या गावात चार जणांच्या हाताला काम मिळालं, याला मी जास्त मार्क देईन. १९९७ मध्ये तिच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचा दुहेरी अल्बम निघाला आणि त्याला पुढे 'गोल्ड'चा दर्जा मिळाला. १९९८ चा 'लिटल प्लास्टिक कॅसल' तर अमेरिकेच्या यादीत थेट बाविसाव्या क्रमांकावर आला. त्याच सुमारास तिचं 'थर्टी टू फ्लेवर्स' हे गाणं दुसऱ्या एका गायिकेनं, अलाना डेव्हिसनं गायलं आणि ते रेडिओवर गाजलं. आनीचं स्वतःचं एकही गाणं कधी तसं रेडिओवर गाजलं नाही. मोठ्या कंपनीला नाही म्हटल्याची ही किंमत. रेडिओपर्यंत पोचायला लागणारं बळ तिच्याकडे नव्हतं, आणि तिनं ते मागितलंही नाही.

मग वर्तमानपत्रांना तिच्या गाण्यापेक्षा तिच्या हिशोबातच रस वाटू लागला! एका अल्बममागे तिला सव्वाचार डॉलर सुटतात, मोठमोठ्या बँडना याच्या निम्मेही सुटत नाहीत, असे आकडे जिकडेतिकडे छापून आले. १९९७ मध्ये 'मिस' या अमेरिकेतल्या नावाजलेल्या स्त्रीवादी मासिकानं एकविसाव्या शतकासाठीच्या एकवीस स्त्रीवाद्यांत तिची निवड केली आणि कारण देताना हेच सांगितलं. आनीनं मासिकाला उघड पत्र लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की, बाईचं मोठेपण मोजायला तुम्हीसुद्धा पैशाचीच फूटपट्टी घेता? मी गाणारी आहे, गाणी लिहिणारी आहे, ते राहिलं बाजूला!

मला हे पत्र आवडतं, आणि थोडं पटत नाहीसुद्धा. पापड लाटणाऱ्या बाईला तिच्या पापडाचे किती सुटतात, हा प्रश्न क्षुल्लक कसा? उलट तोच कुणी विचारत नाही. पण ज्याच्या त्याच्या तोंडी फक्त तोच प्रश्न असेल तर चीड येणार, हेही समजतं.

मालकीचा दुसरा प्रश्न मात्र पैशानं सुटणारा नव्हता. १९९६ मध्ये तिचा 'डायलेट' अल्बम आला. त्यातली बरीच गाणी एका पुरुषाच्या प्रेमात पोळलेल्या बाईची. तो पुरुष म्हणजे तिच्याच दौऱ्यांवर ध्वनिव्यवस्था सांभाळणारा अँड्र्यू गिलख्रिस्ट. चाहत्यांत कुजबुज सुरू झाली. १९९८ मध्ये तिनं त्याच्याशी लग्न केलं आणि कुजबुजीचा गलका झाला. ज्या मुलींनी तिला 'आपली' मानलं होतं त्यांतल्या कित्येकींना वाटलं, हिनं आपल्याला फसवलं. हिनं चौकटीतल्या लोकांत जाऊन सुखाची जागा पकडली.

खरं तर तिनं फसवलं कुठं? दोघांवरही प्रेम करू शकते, हे तिनं १९९२ मध्येच गाण्यातून सांगितलं होतं. 'आत की बाहेर, काय ते एक ठरव' असा तगादा दोन्ही बाजूंनी लावणाऱ्यांना दिलेलं उत्तरच होतं ते गाणं. पण गाणं ऐकणं वेगळं आणि त्यातलं खरं मानणं वेगळं. दुसऱ्या बाजूनं त्या मुलींचं दुःखही खोटं नव्हतं. ज्यांच्या वाट्याला दाखवायला सगळ्या देशात जेमतेम तीन-चार चेहरे होते, त्यांतला एक चेहरा गेल्यासारखं वाटलं तर काळजात कळ येणारच. ज्याच्याकडे शंभर आहेत त्याला एक गेल्याचं काही वाटत नाही. अशा वेळी कोण चूक आणि कोण बरोबर, हे ठरवायची घाई मी करणार नाही. एवढंच दिसतं की, कंपनीला 'मी तुमची नाही' म्हणताना टाळ्या मिळाल्या, आणि तेच चाहत्यांना म्हणताना मिळाल्या नाहीत. केस वाढवले तरी चर्चा, झगा घातला तरी चर्चा. 'लिटल प्लास्टिक कॅसल' या गाण्यात तिनं काचेच्या भांड्यातल्या सोनेरी माशाची उपमा घेतली आहे, ती याच दिवसांतली. आपल्याकडे नव्या सुनेला विचारा, काचेचं भांडं म्हणजे काय ते ती सांगेल.

ते लग्न २००३ मध्ये संपलं. पुढे माइक नेपोलिटानो या ध्वनिमुद्रण करणाऱ्या साथीदाराशी तिची गाठ पडली. २००७ मध्ये मुलगी झाली, २००९ मध्ये लग्न, २०१३ मध्ये मुलगा. ती न्यू ऑर्लिन्सला राहायला गेली. मधल्या काळात, २००५ मध्ये, मनगटाच्या दुखण्यानं तिला वाजवणंच थांबवावं लागलं होतं. पंधरा वर्षं रोज रात्री तारांवर हात आपटल्यावर हातानं असहकार पुकारला, दुसरं काय!

त्याच वर्षांत कंपनीनं एक मोठं काम तडीस नेलं. बफेलोत एकोणिसाव्या शतकातलं एक उंच मनोऱ्यांचं दगडी चर्च पडायला आलं होतं, ते पाडायचं घाटत होतं. रायचस बेबनं ते घेतलं, दुरुस्त केलं आणि २००६ मध्ये तिथं गाण्याचं सभागृह आणि चित्रकलेचं दालन सुरू झालं. लोक त्याला 'बेबव्हिल' म्हणतात. आपली कंपनी तिनं फक्त आपल्यासाठी ठेवली नाही, हेही खरं. ज्या कवीच्या वर्गात ती बसली होती त्या सेकू सुंदियाटाचा एक अल्बम तिनंच काढला. कामगारांच्या गोष्टी सांगणारा म्हातारा यूटा फिलिप्स, मागे तिनं नवं संगीत लावलं म्हणून, तरुण पोरांच्या कानावर गेला.

हे सगळं वाचून ती देवीच वाटायला लागली असेल, तर २०१३ च्या डिसेंबरची गोष्ट सांगते. गाणी लिहायला शिकवणारं एक निवासी शिबिर तिच्या नावानं जाहीर झालं. जागा कुठली, तर लुइझियानातला नॉटवे नावाचा जुना ऊसमळा. तिथल्या ऐसपैस वाड्यामागे काळ्या गुलामांचे कष्ट होते. काळ्या स्त्रियांनी सरळ विचारलं, ज्या अंगणात आमच्या पणज्या राबल्या तिथं तुम्ही बसून गाणी लिहिणार? आनीनं शिबिर रद्द केलं, पण सोबतचं निवेदन सफाई दिल्यासारखं होतं. लोक आणखी भडकले. चार दिवसांनी, २०१४ च्या सुरुवातीला, तिनं दुसऱ्यांदा लिहिलं आणि या वेळी साधी, सरळ माफी मागितली. आयुष्यभर मालकीहक्काबद्दल बोलणाऱ्या बाईला त्या जागेची मालकी आठवू नये, हे मला आजही खटकतं.

आता सीडी कोण घेतं? गाणी मोबाइलवर जवळजवळ फुकटात ऐकली जातात आणि मास्टर आपल्या मालकीचे असले तरी एकेकदा ऐकण्यामागे गायकाच्या हातावर पैशाचा काही अंशच पडतो. १९९० मध्ये कार्यक्रमानंतर कॅसेट विकून जे सुटायचं त्याचा हिशोब तिथंच, त्याच टेबलावर लागायचा. तो हिशोब आता लागत नाही. म्हणून दौरे सुटत नाहीत. घर, मुलं आणि हे दौरे यांची ओढाताण २०२४ मध्ये आलेल्या तिच्यावरच्या माहितीपटात दिसते. त्या माहितीपटाचं नाव कंपनीचा जुना फोन नंबर हेच आहे.

त्याच २०२४ मध्ये तिनं एक वेगळंच काम केलं. अनाइस मिचेल नावाच्या तरुण गायिकेचा 'हेड्सटाऊन' हा संगीतकथेचा अल्बम रायचस बेबनं २०१० मध्ये काढला होता. पाताळाच्या राजाची आणि त्याच्या राणीची ती ग्रीक कथा. अल्बममध्ये राणीची, पर्सेफनीची गाणी आनीनंच म्हटली होती. त्या अल्बमचं पुढे मोठं नाटक झालं, ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोचलं आणि २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतनाटकाचा टोनी पुरस्कारही घेऊन आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आनी त्याच राणीच्या भूमिकेत ब्रॉडवेवर उभी राहिली. आठवड्याला आठ प्रयोग, दुसऱ्याचं दिग्दर्शन, ठरलेल्या वेळी हजेरी. इतकी वर्षं स्वतःची मालकीण असलेल्या बाईनं नोकरीही मन लावून केली!

ऐकायचं असेल तर 'बोथ हँड्स'पासून सुरुवात करा. ते तिच्या पहिल्याच कॅसेटवरचं गाणं. पहिल्या खेपेला शब्द हाती लागणार नाहीत, ती फार भरभर गाते. तेव्हा नुसती गिटार ऐका. मग 'थर्टी टू फ्लेवर्स' ऐका. 'डायलेट' मात्र घरात लहान मुलं नसताना लावा. त्यात शिव्या आहेत, आणि त्या ऐकल्याबरोबर कळतात.